निर्माल्याची बादली

मांजर घरात राहायला आली त्याच दिवशी मी मोबाइल उघडून बसले. कुठली झाडं मांजरांना चालतात, कुठली विषारी, सगळं वाचून काढलं आणि संध्याकाळी गच्चीवर मोहीम सुरू केली. मनी प्लांट शेजारणीकडे गेला. कोरफड गेली, पानफुटी गेली, शेवंतीची कुंडीही गेली. तुळस, गुलाब, मोगरा आणि जास्वंद तेवढी परीक्षेत पास झाली. पानओव्यावरून मात्र आत्यांशी चांगलाच खटका उडाला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर अजिंठ्याकडचं, घरात मेंढरं आणि शेळ्या. "खोकला झाल्यावर काय देऊ? तुझा मोबाइल उगाळून?" असं म्हणाल्या. मी ऐकलं नाही. हातात यादी असली की मी कुणाचंच ऐकत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे.

खरं तर मांजरीचा सोस मलाही नव्हता. पण सासरे गेल्यापासून आत्या आपल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असायच्या. हाक मारली तर "भूक नाय" एवढंच. एक दिवस जिन्यात ही पांढरी-पिवळी येऊन बसली आणि आत्या आपणहून स्वयंपाकघरात आल्या. "वाटीभर दूध हाय का गं?" मी दूध दिलं आणि ओट्याकडं वळून रडून घेतलं. महिन्याभरात त्या सकाळी पिशवी घेऊन फुलं तोडायला बाहेर पडू लागल्या. कॉलनीतल्या प्रत्येक कुंपणावर त्यांचा हक्क होता. दुसऱ्याच्या झाडाची फुलं देवाला जास्त पावतात, हे शास्त्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी, नवरा वाळूजला ड्यूटीवर असताना, मांजर दोनदा ओकली. तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. पाय टाकेना. टोपलीत घालून आम्ही दोघी रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, "काही झाडपाला खाल्लाय का?"

"घरात एकही विषारी झाड नाही," मी ठणकावून सांगितलं. "मी स्वतः काढलीत."

आत्यांनी मांजरीची हनुवटी वर केली. लाळ बोटावर घेऊन बघितली. "डॉक्टरसायेब, कण्हेर पोटात गेली हिच्या. आमची एक शेळी अशीच लाळ गाळून गेली व्हती."

"आत्या, कण्हेर आहे कुठं आपल्याकडं?"

"झाड नाय. फुलं हायेत की. रोज मीच आणते."

मला बादली आठवली. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी ओतून देणं पाप. आणि देवावरची फुलं पायदळी जाऊ नयेत म्हणून आदल्या दिवशीचं निर्माल्य मी मोरीजवळच्या बादलीत पाण्यात टाकत होते. रविवारी ती बादली कॉलनीच्या बागेतल्या झाडाच्या बुडाशी रिकामी करायची. त्या दिवशी शुक्रवार होता. पाच दिवसांच्या कण्हेरी त्यात भिजत पडल्या होत्या आणि घरातलं सगळ्यात गार पाणी तेच होतं. मी डॉक्टरांना बादलीचं सांगितलं.

"फुलांचं पाणीसुद्धा तितकंच वाईट," डॉक्टर म्हणाले. "थोडंच प्यायली असेल तर आशा आहे. लवकर सांगितलंत, बरं झालं." त्यांनी सलाईन लावलं आणि पुन्हा पुन्हा छातीचे ठोके ऐकत राहिले.

बाहेरच्या बाकावर आत्या पदराचं टोक पिळत बसल्या. "जलमभर शेळ्या हाकलल्या कण्हेरीपासून. अन् देवाला वाहिली की तिच्यातलं इख जातं, असं कसं वाटलं मला?"

"बादली माझी होती," मी म्हटलं. माझ्या यादीत कण्हेर सगळ्यात वर होती. पण मी कुंड्या तपासल्या, देवघर तपासलं नाही. शहाण्या आम्ही दोघी होतो, आणि दोघींचं शहाणपण देवघराच्या उंबऱ्याशीच थांबलं.

पदराचं टोक सोडून आत्या म्हणाल्या, "ही गेली तर मला परत त्या खोलीत निजू देऊ नको गं."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं ते हे पहिलंच. मी त्यांचा हात धरला. भीती मलाही तीच वाटत होती.

रात्रभर डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी मांजरीनं माझ्या हातावर पंजा मारला, तेव्हा आत्या खुदकन हसल्या. "आली शुद्धीवर."

निर्माल्यासाठी मी झाकणाचा डबा आणला. कण्हेरीच्या कुंपणावरचा हक्क आत्यांनी सोडून दिला. ती बादली मात्र त्यांनी घासली, बुडाला भोकं पाडून घेतली, माती भरली आणि तिच्यात दूर्वा लावल्या. मांजर रोज सकाळी तिथं जाऊन कोवळी पाती चावते. ती निघाली की आत्या त्याच बादलीतली जुडी खुडतात आणि देवघरात नेतात.

"आत्या, उष्ट्या दूर्वा देवाला?" एकदा मी टोकलं.

"अगं, तिनं खाल्ल्या, तिला काय झालं नाय," त्या म्हणाल्या. "आता देवाला द्यायला भ्याव नाय."