पार्बताबाईनं अडवलेला गाडा

गाडा अडवल्यावर पार्बताबाई त्याच गावात पुढे कशी जगली असेल, ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. तिला जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली. माझ्या सासरच्या घराण्यातली ती माळीण. अमरावतीहून रिद्धपूरला जाणाऱ्या वाटेवर तिचं गाव. वांग्या-मेथीची टोपली डोक्यावर घेऊन शहरात विकायला जायची. तिच्याबद्दल घरात एवढंच माहीत आहे, आणि ही एक गोष्ट.

अमेरिकेतल्या लढाईमुळे तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. त्याच हंगामात पटकीची, गावच्या भाषेत मरीची, साथ आली. रोग शहरातून येतो म्हणून गावानं पार्बताबाईचं शहरात जाणं बंद केलं. कापसाच्या बैलबंड्या मात्र रोज अमरावतीला जात, आणि गाडीवाले तिथलं पाणी पिऊन परत येत.

"माह्या वांग्यात मरी बसते, अन् तुमच्या कापसात नाही बसत काय?" तिनं खुशालराव पाटलांना विचारलं.

"कापूस थांबवला तं गाव खाईन काय?"

"वांगे खा ना!"

लोक हसले. बंदी उठली नाही.

माणसं मरायला लागली तेव्हा गावानं मरीमायचा गाडा काढला. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, हळदकुंकू, लिंबं. तो वाजतगाजत शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडला की रोग तिकडे जातो, असा समज. पार्बताबाईची लेक जयवंता त्याच शेजारच्या गावात दिलेली, दिवस भरलेली.

गाडा शिवेजवळ आला आणि पार्बताबाई वाटेत बसली.

"ऊठ वं, देवीचा कोप होईन," लोक ओरडले.

"होऊ द्या. माही लेक हाये तिकडं."

"मंग आपल्या गावातले लेकरं मरू द्यायचे काय?"

ती नुसती बसून राहिली. ऊन चढलं, वाजंत्री थकले. शेवटी खुशालराव वैतागले.

"फिरवा गाडा. उगवतीच्या गावाकडं सोडा."

उगवतीच्या गावात तिचं कोणी नव्हतं. ती उठली, लुगडं झटकलं आणि घरी गेली.

इथे मला तिचा राग येतो. घरात सगळे कौतुकानं सांगतात, लेकीसाठी अख्खं गाव अडवलं! त्या तिसऱ्या गावाचं पुढे काय झालं, हे कुणालाच माहीत नाही. कुणी विचारलेलंही नाही.

कोरोना आल्यापासून हेच बघून मी वैतागले आहे. अकोल्यात माझी लेक शकुन राहते त्या बिल्डिंगनं एका भाडेकरू नर्सला आज घर सोडायला लावलं. "आमच्या घरात बाळ आहे ना, आई," शकुन संध्याकाळी म्हणाली. खरंच आहे. माझाही जीव त्या बाळातच अडकलाय. पण ती नर्स गेली कुठे, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शकुन झोपली असेल. असू दे. फोन लावते आणि आधी तेच विचारते.