तबकडीच्या मोकळ्या पट्टीवर

टॉटनहॅमच्या एका बोळात व्हर्ना टलक अठरा वर्षं तबकड्या कोरत होती. कुणी टेपवर गाणी आणावीत, हिने यंत्राच्या सुईने ती लाखेच्या तबकडीत उतरवावीत. पुढे कारखान्यात त्या तबकडीवरून हजार प्रती निघत. संगीताबद्दल तिचं मत कुणी विचारत नसे. मत मात्र तिला होतं, आणि ते बरं नव्हतं.

१९९५च्या मार्चमध्ये ॲश्टन पेनंट पहिल्यावहिल्या अल्बमची टेप आणि कव्हरचा मजकूर काखोटीला मारून आला. तिच्याच चर्चमधल्या एका बाईंचा हा दिवटा. दोन वर्षं हिप-हॉपचे संथ ठेके जुळवत न्यूयॉर्कच्या थाटात नाकाने कांदे सोलत होता; बाकी कधी लंडनबाहेर पाऊल नाही. मग आळीतल्या गाड्यांतून 'जंगल' नावाचं भरधाव ड्रमचं संगीत धडाधड वाजायला लागलं आणि साहेबांनी टोपी फिरवली. अल्बमची पहिली चार गाणी संथ, पुढची सगळी सुसाट.

"मावशी, हा प्रवास आहे. मुळांकडे परतणं."

"गेल्या नाताळात तर तू याला पोरासोरांचा गोंगाट म्हणत होतास."

टेप लागली. पाचव्या गाण्यात ड्रम आला आणि व्हर्नाचे कान टवकारले. डाव्या हाताचा ठोका केसभर उशिरा पडत होता. तो हात तिच्या भावाचा. बस डेपोच्या दारात अंगठा चेमटल्यापासून लासेल्सचा डावा हात असाच मागे राहायचा, तरी तीस वर्षं चर्चमध्ये ड्रम तोच वाजवत होता. या ॲश्टननेच मागे चर्चच्या हॉलमध्ये त्याचं वादन टेप केलं होतं. "काका, कव्हरवर तुमचं नाव टाकतो." लासेल्सने ते चर्चभर सांगितलं. आनंद होणारच, चर्चच्या पत्रकात त्याच्या नावाचं स्पेलिंग दर रविवारी चुकायचं, कधी एक एस गायब, कधी एल.

"कव्हरवर लासेल्सचं नाव कुठे आहे?"

"अगं मावशी, मी ते कापलं, उलटं केलं, दुप्पट पळवलं. आता त्यात त्यांचं काय उरलं? आणि जुन्या अमेरिकन रेकॉर्डवरून घेतलंय म्हटलं की लोकांना भारी वाटतं."

"अंगठा उरलाय की."

तो हसला आणि कव्हरच्या फोटोसाठी आरशात टोपी नीट करत बसला. एका गरीब माणसाचं नाव गिळून ढेकरही न देणाऱ्या त्या पोराची व्हर्नाला किळस आली. ती यंत्राकडे वळली.

गाण्याच्या रेघा संपल्यावर मधल्या कागदाआधी एक मोकळी पट्टी उरते. कोरणारे तिथे हाताने आपली खूण करतात, ती प्रत्येक प्रतीवर उमटते, आणि ॲश्टनसारखे शहाणे तिकडे बघतही नाहीत. दोन तबकड्या, चार बाजू. व्हर्नाने स्वतःची खूण केली नाही. चारही पट्ट्यांवर तिने सावकाश भावाचं नाव लिहिलं.

मे महिन्यात छापील प्रत घेऊन ती लासेल्सकडे गेली. त्याने दोन मिनिटं ऐकलं.

"हा मी? एवढी घाई मला कधी होती? बस सुटत होती काय?"

व्हर्नाने तबकडी काढून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. लासेल्सने चष्मा लावला आणि वाकड्या अंगठ्याने एकेक अक्षर चाचपलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"एस दोन्ही आहेत," तो म्हणाला. "एलही तिन्ही. दुसरी बाजू दाखव."