खुर्ची घरपोच

इस्त्रीचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. मधे एक पडदा. पडद्याअलीकडे टेबल, कपड्यांचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकं, पलीकडे संसार. गल्लीत तिला सगळे इस्त्रीवाल्या वहिनी म्हणत, पण खरा इस्त्रीवाला तिचा नवरा. वहिनी पाणी शिंपडायच्या, घड्या घालायच्या. तो इस्त्री फिरवायचा आणि तोंड चालवायचा. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचं बिनसलंय, हे त्याला कपड्यांवरून कळायचं. "बऱ्याच दिवसांत एक शर्ट नाही आला. साहेबांनी घरी बसवलं की काय?" असं तो तोंडावर विचारायचा, आणि गिऱ्हाईक रागवायचं सोडून टेबलाला टेकून आपलं गाऱ्हाणं सांगत बसायचं.

मग एका सकाळी इस्त्री त्याच्या हातून निसटली. तो टेबलाची कड धरून सावकाश खाली बसला. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा जीभ जड झालेली, पण डोकं शाबूत. पडद्यामागच्या पलंगावर पडून तो बाहेरचं बोलणं ऐकायचा. कोणी आलं की आतून हाक यायची, "कोण?" वहिनी हात न थांबवता सांगायच्या. मग आतून काहीतरी तुटक चेष्टा, आणि गिऱ्हाईक उसनं हसायचं.

"मला पुढे ने," तो एकदा म्हणाला. "पुढे बसतो."

त्याला उचलून नेणं वहिनींच्या आवाक्यातलं नव्हतं. साध्या खुर्चीत बसवून पाहिलं, तर एका अंगाला कलंडायचा. शेवटी मुलगी सासरहून आली आणि तिने फोनवर चाकांची खुर्ची शोधली. उंच पाठीची, पट्ट्याची. बापाच्याच नावाने मागवली, नंबरही बापाचाच दिला. वस्तू अवजड म्हणून घरपोच आणण्याचे पैसे वेगळे लागले, आणि तेही घसघशीत. वहिनी एरवी भाजीवाल्याशी चार आण्यासाठी वाद घालायच्या, पण या वेळी चकार शब्द बोलल्या नाहीत.

खुर्ची यायची त्या दिवशी त्याने दाढी करून घेतली, धुतलेला शर्ट मागितला. डिलिव्हरीवाल्याने खोकं दारात ठेवलं, त्याचा फोटो काढला आणि तो घाईने पुढच्या घराकडे गेला. मुलीने खोकं फोडलं. एक चाक वाकून आत वळलेलं, पाय ठेवायची पट्टी तुटून लोंबत होती.

पलंगावरून तो मान वर करून बघत होता. "माझ्यासारखीच," तो म्हणाला. "एक बाजू गेलेली."

मुलगी हसली आणि हसता हसता तोंड फिरवून मोरीकडे गेली. वहिनींना हसूही आलं नाही.

तक्रार केल्यावर कंपनीने मोडकी खुर्ची परत नेली. माल आला की दुसरी पाठवतो म्हणाले. माल काही येईना. आणि एका दुपारी कोपऱ्यावरचा मोठ्या आवाजाचा शिक्षक कपडे घेऊन आला, गडगडून बोलला, तरी आतून हाक आली नाही. वहिनी क्षणभर थांबल्या. इस्त्री उभी करून ठेवली आणि पडदा सारून आत गेल्या.

पुढचं सगळं मुलीने निस्तरलं. दुसरी खुर्ची रद्द केली. खुर्चीची किंमत परत आली, पण आणण्याचे पैसे आले नाहीत.

"जाऊ दे ना आई," मुलगी म्हणाली. "तेवढ्यासाठी कुठे डोकं फोडायचं?"

वहिनींनी नवऱ्याचा फोन उचलून स्वतःच कंपनीचा नंबर लावला.

"मॅडम, डिलिव्हरी पूर्ण झालेली आहे," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "वस्तू घरी पोचली होती ना?"

"मोडकं लोखंड पोचलं," वहिनी म्हणाल्या. "खुर्ची कुठे पोचली?"

"तक्रार साहेबांच्या नावावर आहे. त्यांच्याशी बोलता येईल का?"

"झोपलेत," वहिनी म्हणाल्या.

शब्द कसा निघून गेला त्यांनाच कळलं नाही. शेजारी उभी असलेली लेक बघतच राहिली.

त्यानंतर फोन येत राहिले. कधी हा माणूस, कधी ती बाई, पण प्रत्येकजण आधी नवऱ्याचीच चौकशी करायचा. वहिनी सांगायच्या, आंघोळीला गेलेत. जेवतायत. एकदा टेबलावर शर्टाची कॉलर दाबता दाबता त्या म्हणाल्या, "पुढे बसलेत. गिऱ्हाइकाशी बोलतायत. त्यांचं संपायला वेळ लागतो."

मुलीने ते ऐकलं. "आई, खरं काय ते सांगून टाक. ऐकल्यावर लगेच देतील पैसे."

"कीव करून नको मला. वस्तू धड आणली नाही म्हणून द्यावेत."

मुलीला कळत होतं की गोष्ट तेवढीच नाही. गल्लीतले लोक आता त्याचं नाव टाळत होते. आले तरी खाली मान घालून कपडे देत, पटकन जात. 'साहेब आहेत का?' असं विचारणारी जगात ती फोनवरची माणसंच उरली होती.

अखेर कोणी वरचा साहेब फोनवर आला. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या माणसाने दारात फोटो काढलाय. तो तरी बघा." त्याने शोधून पाहिला. खोक्याचा एक कोपरा साफ चेपलेला होता. तो ओशाळला, चूक आमचीच म्हणाला, आणि दोनच दिवसांत पैसे खात्यात आले. पाठोपाठ तक्रार बंद केल्याचा निरोप आला. मुलीने वाचून दाखवला. जिंकल्यासारखं वाटेल अशी वहिनींची समजूत होती. त्यांनी फक्त मान हलवली आणि पुढचा कपडा ओढला.

पुढच्या आठवड्यात शेवटचा फोन आला. पहिल्या दिवशीचीच गोड आवाजाची मुलगी.

"समाधान झालं का, एवढंच विचारायचं होतं. साहेब आहेत?"

वहिनींनी तोंड उघडलं. झोपलेत म्हणायचं होतं. पण आता तक्रारच उरली नव्हती. ही मुलगी परत काही विचारणार नव्हती.

"ते गेले," त्या म्हणाल्या.

"बाहेर?"

"नाही बाळा. वारले. दुसऱ्या खुर्चीची वाट बघत होते तेव्हाच."

ती मुलगी वेगळ्याच, साध्या आवाजात म्हणाली, "काकू, मला माहीत नव्हतं हो."

"तुला कसं माहीत असणार? मीच सांगितलं नाही."

वहिनींनी फोन ठेवला, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि आत जाऊन त्याच्या पलंगावर बसल्या. तो गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. सारखं कोणाशी तरी भांडायचं होतं. आता भांडायला कोणी नव्हतं. उशीत तोंड खुपसून त्या रडल्या, थांबल्या, परत रडल्या.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा दारात दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. तिने पडदा बाजूला करून बघितलं. आई पलंगाच्या एका कडेला, दुसरं माणूस मावेल एवढी जागा सोडून, झोपली होती. मुलीने पडदा नीट ओढला, इस्त्री तापत ठेवली आणि आवाज न करता पहिला गठ्ठा सोडला.