लेंगे तो नया लेंगे

जुनं मशीन पाहायला गेलं की बाबा मालकाशी बोलायच्या आधी इंजिनाला हात लावायचे. इंजिन गरम लागलं, तर आपण यायच्या आधी मालकानं ते चालू करून ठेवलेलं असतं, म्हणजे थंड असताना सुरू व्हायला ते नखरे करतं. मग बाबा गोड हसून सांगायचे, "आराम से, भैया. ठंडा होने दो, हम बैठे हैं." आणि खरंच तिथेच बाज ओढून बसायचे. मालकाचा चेहरा पडायचा. मी हे सगळं पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या धाकट्या भावानं केलेल्या नकलेत. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात, वरच्या खोलीत, शिलाई मशीनवर हात ठेवून तो हुबेहूब बाबा व्हायचा. आई हसून हसून पदर डोळ्याला लावायची. बाबा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "कर, कर, हासून घे."

बाबांची सगळी नोकरी सरकारी लाकूड डेपोत गेली. रायपूर राजधानी झालं त्याच सुमारास ते रिटायर झाले. रस्ते रुंद व्हायला लागले, साहेब लोकांचे बंगले उठायला लागले, आणि जिकडेतिकडे झाडं पडायला लागली. झाडं पडतात याचं बाबांना वाईट वाटायचं, पण हळहळत बसणाऱ्यातले ते नव्हते. पडलेलं झाड रस्त्यातून कोणीतरी उचललं पाहिजे, आणि ते काम आपल्याला येतं, एवढा सरळ हिशोब. त्यासाठी हवा होता एक लोडर, म्हणजे ट्रॅक्टरवर बसवलेली, ओंडके उचलायची क्रेन. भाऊ तेव्हा डिप्लोमा करून एका कारखान्यात शिफ्टची नोकरी करत होता. नोकरी सोडून तो बाबांबरोबर येणार होता. सगळं ठरलं होतं. लोडर नवा घ्यायचा की जुना, तेवढं सोडून.

या एका गोष्टीवर बापलेकांनी आमच्या घरात जो उच्छाद मांडला, त्याला तोड नव्हती. बाबा जुन्याच्या बाजूचे. "नवं मशीन शोरूमच्या फाटकाबाहेर आलं की जुनंच होते. मंग जुन्याच्या भावात जुनं काहून नाही घ्याचं?" भाऊ म्हणायचा, "तो शादी में नया सूट काहे को लिये थे, बाबा? किसी का उतरा हुआ पहन लेते." बाबा म्हणायचे, जुन्या मशीनचे दोष आधीच उघडे पडलेले असतात, नव्याचे आपल्या जिवावर उघडे पडतात. भाऊ म्हणायचा, अर्धा ओंडका रस्त्यात टांगलेला असताना जुनं बंद पडलं तर सगळा सदर बाजार मागे हॉर्न वाजवत उभा राहील, तेव्हा तुम्ही उतरून सगळ्यांना समजवा. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "नहीं बाबा. लेंगे तो नया लेंगे."

हो, भाऊ हिंदीतच बोलायचा. मराठी त्याला सगळं समजायचं, पण शाळा हिंदी, मित्र हिंदी, त्यामुळे तोंडातून निघायची ती हिंदीच. मला तो दीदी म्हणायचा. मी मात्र बाबांशी मराठीच बोलायचे, कारण घरच्या माणसाशी बाबा हिंदीत एक शब्द बोलायचे नाहीत. बाहेर भैयांशी फर्मास हिंदी, उंबऱ्याच्या आत आले की वऱ्हाडी. त्यामुळे घरातला वाद दोन भाषांत चालायचा आणि कोणाचंच कधी अडायचं नाही. भावाला सुटी असली की रविवारी दोघं मशीन पाहायला जायचे. परत येऊन बाबा पायातल्या चपला काढता काढता आईला म्हणायचे, "पोट्टा आयकतच नाही." आई पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणायची, "कोनावर गेला मंग?" दर वेळी हेच. मी वैतागून म्हणायचे की तुम्ही घ्याल तोपर्यंत छत्तीसगढमध्ये झाड उरणार नाही.

माझं लग्न होऊन मी रायपुरातच चौबे कॉलनीत आले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात भावाला कावीळ झाली. आठवडाभर सगळे म्हणत होते उतरेल, पथ्य पाळा, उसाचा रस द्या. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. आणि मग तो नव्हताच.

याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. माणसं भेटायला येत, खाली बसत, आणि देवाची मर्जी म्हणून उठून जात. देवाचा मला इतका राग आला होता की त्याचं नाव घेणाऱ्याला चहासुद्धा देऊ नये असं वाटायचं. बाबा कोणाशीच बोलत नव्हते. जेवण झालं का विचारलं तर मान हलवायचे, आणि ती मान हो म्हणते की नाही तेही कळायचं नाही. पावसाळा गेला, दिवाळी आली तशी गेली. मी रविवारी जायचे, त्यांच्याजवळ बसायचे, आणि घरी परतताना स्कूटरवर रडायचे.

अशाच एका रविवारी बाबा एकदम म्हणाले, "टाटीबंधले एक लोडर आला म्हनते. येतं का पाहाले?"

मला इतका आनंद झाला की मी कशाला, कोणासाठी, असं काही विचारलं नाही. त्यांना मागे बसवलं आणि निघाले. टाटीबंधच्या पुढे, ट्रकांच्या रांगा संपतात तिथे, जुन्या मशीनचं मैदान होतं. तिथला माणूस बाबांना ओळखत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, भाऊ दिसला नाही, तरी त्याच्याबद्दल विचारलं नाही. कोणीतरी सांगितलं असावं. बाबांनी इंजिनाला हात लावला. मशीनखाली कालचं वर्तमानपत्र पसरलं, ऑइल गळतं का पाहायला. मग ओंडका उचलायला लावला आणि इंजिन बंद करवलं. ही त्यांची शेवटची परीक्षा: ओंडका वर तसाच टांगता ठेवायचा आणि बसून राहायचं. क्रेनच्या आत कुठे झीज असेल तर तो हळूहळू खाली उतरतो. नुसतं पाहून कळत नाही, वाट पाहावी लागते. बापलेकांचा खरा वाद याच वेळात व्हायचा.

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगला वाटते. घेऊन टाकू का?"

आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मला लोडरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माझ्या तोंडातून निघालं, "नहीं बाबा. लेंगे तो नया लेंगे."

हिंदीत. बाबांशी मी जन्मात हिंदी बोलले नव्हते. बोलल्यावर माझीच मी दचकले. पण बाबा दचकले नाहीत. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि किती महिन्यांनी त्यांचा आवाज चढला, "काहून नवा? शोरूमच्या फाटकाबाहेर आला की जुनाच होते!"

तिथून पुढे दर रविवार तसाच. मशीनचा दोष शोधायचं काम बाबांचं, नव्याची बाजू घ्यायचं माझं. भावाची सगळी वाक्यं मला पाठ निघाली. सूटचं, सदर बाजारच्या हॉर्नचं. घरी आल्यावरही वाद चालू राहायचा. बाबा जेवायला लागले. दाढी करायला लागले. मी मनात म्हणायचे, चालू दे, जन्मभर चालू दे, माझं काय जातं.

जात होतं ते आईचं. एका रविवारी मी निघताना ती जिन्यापर्यंत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "पोरी, आता बस कर."

"काय बस करू?"

"तू हिंदी बोलतं नं समोरच्या खोलीत, मी भाकरी थापून राहते, अन् मले वाटते तोच बोलून राहिला. दर खेपेले वाटते. हातातलं टाकून बाहेर येते मी, अन् पाहते तं तू." तिनं माझा हात सोडला नाही. "त्याइले म्हन घेऊन टाका. जुनं त जुनं. तू हो म्हटलं का हे थांबन."

माझ्या एका वाक्यानं बाबा जगत होते आणि त्याच वाक्यानं आई दर आठवड्याला पुन्हा मरत होती, आणि हे मला कोणी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. रात्रभर मला स्वतःचा आणि त्या लोडरचा, दोघांचाही संताप येत राहिला.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा टाटीबंधला गेलो. नुकताच आलेला एक जुना लोडर होता. बाबांनी हात लावला, इंजिन थंड. पहिल्या झटक्यात सुरू झालं. वर्तमानपत्र कोरडंच्या कोरडं. रंगाखाली कुठे वेल्डिंगचा डाग नाही. ओंडका उचलला, इंजिन बंद केलं, आणि आम्ही बाजेवर बसलो. त्या माणसानं चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला. ओंडका जागचा हलला नाही. बाबा उठून त्याच्याखालून वाकून आले, लांबून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. इतकी मशीनं पाहिली, पण खोट न निघालेलं हे पहिलंच.

"ले लो बाबूजी," तो माणूस म्हणाला. "ऐसी दूसरी नहीं मिलेगी."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे चमकत होते. भाऊ असताना चमकायचे तसेच, आता हा काय तोंड वर करून बोलतो पाहू, असे. "बोल," ते म्हणाले. "आता बोल काय बोलाचं ते."

मला आईचा हात आठवला. मी मराठीत म्हटलं, "चांगला आहे, बाबा. हाच घ्या."

बाबांना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. ते तसेच पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी आधाराला बॉनेटवर हात ठेवला. "तू काहून मानली?" ते अगदी हळू म्हणाले. "तो नसता मानला."

मी पुढे झाले. मला माझं बोलणं परत घ्यायचं होतं, हिंदीत सगळं पुन्हा म्हणायचं होतं, पण आईचा शब्द आडवा येत होता. बाबांनी वाट पाहिली. मग त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच म्हणाले,

"नहीं बाबा. लेंगे तो नया लेंगे."

तो माणूस माझ्याकडे पाहायला लागला. त्याला वाटलं असेल, हा म्हातारा बाबा कोणाला म्हणतो. मी त्याला हातानंच सांगितलं की राहू द्या. तो हो म्हणाला आणि ओंडका खाली घ्यायला गेला.

परत येताना बाबा मागे बसून माझ्या खांद्याला धरून होते. जिना चढताना मध्ये एकदा थांबले. आई दारातच उभी होती, माझ्याकडे पाहत, झालं का विचारत. मी नाही म्हणून मान हलवली. पायातल्या चपला काढता काढता बाबा तिला म्हणाले,

"पोट्टा आयकतच नाही."

आईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं तो पुढे केला नाही. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि तिनं ओरडावं असंच मला वाटत होतं. पण ती बाबांकडे पाहत राहिली, आणि मग तांब्या पुढे करून म्हणाली,

"कोनावर गेला मंग?"

तिचं वाक्य पूर्ण झालं, आणि त्यातला 'गेला' तिचा तिलाच ऐकू आला. तांब्या तसाच बाबांच्या हातात देऊन ती दारातच खाली बसली.