ओल्या खोळीतल्या पटाश्या

माझ्या पाच पटाश्यांवर आजही तांबूस ठिपके आहेत. पुष्कळ घासल्या, जात नाहीत. शाळा चौथीपर्यंतच, पण कंपनीच्या सुतारखात्यात याच पटाश्यांवर पोट भरलं आणि त्यांना कधी गंज चढू दिला नाही. गोणपाटात गुंडाळून ठेवायचो. सूनबाई म्हणाली, लोकरीची खोळ करून देते. मला हसू आलं.

लोकर अस्सल हवी, नाहीतर ती गरम पाण्यात आटून दाटत नाही, असं तिचं म्हणणं. स्वतःच्या वारलेल्या आईचा एकच स्वेटर तिने जपून ठेवलेला. तोच उसवला. एक धागा काडीने पेटवून मला दाखवला. केस जळल्यासारखा वास आला, राख झाली.

"बघा बाबा, अस्सल."

विणून झाली तेव्हा खोळ हातभर लांब नि ढगळ.

"हत्तीचे मोजे विणलेस काय गं?"

"गरम पाण्यात आटेल, बाबा. थांबा तर."

आटली खरी. साबण लावून तिने ती इतकी चोळली की टाके दिसेनात, घोंगडीसारखी घट्ट झाली. चांगली झाली, एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाळकुमला भावाकडे गेली. जाताना म्हणाली, "तीन दिवस हात लावू नका, वाळू दे."

मला शिकवणार. चामड्याची म्यानं मी ओलीच असताना हत्यारावर चढवायचो, म्हणजे बरोबर आकार धरतात. तसंच केलं. ती जिना उतरली नसेल, तोवर पाचही पटाश्या आत. चामड्यात घालताना हत्यार आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचो. इथे आळस केला.

ती परतली आणि पटाश्या काढल्या तर सगळ्या लालेलाल. मुलगा समोर उभा. मी म्हणालो, "तुझ्या लोकरीने माझी हत्यारं खाल्ली."

ती खोळ नाकाशी धरून म्हणाली, "साबण राहिला असेल. माझंच चुकलं, बाबा."

मी गप्प बसलो. वर्षभर गप्प बसलो.

परवा सोसायटीतल्या दोघी आल्या. आम्हालाही खोळ करायला शिकव म्हणाल्या, कात्र्या-सुया ठेवायला.

"नको गं," सूनबाई म्हणाली. "बाबांची हत्यारं नासली माझ्यामुळे. तेव्हापासून मी विणायच्या सुया हातात घेतल्या नाहीत."

मी खुर्चीत होतो. चहाचा कप खाली ठेवला.

"खोळीचा दोष नाही," मी म्हणालो. "ओली होती ती."

"मी तर वाळत टाकून गेलेले."

"मग काय, पटाश्या चालत गेल्या आत?"

त्या दोघी हसल्या. ती हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

त्या गेल्यावर मी कपाटातून मफलर काढला. निवृत्तीच्या दिवशी सुतारखात्याने दिलेला. शुद्ध लोकर म्हणून सगळ्या मोहने गावभर मिरवलेला.

"हा उसव. परत वीण."

तिने एक धागा ओढला, काडी लावली. केसांचा वास आला नाही. धागा वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला.

"ही लोकर नाही, बाबा. दाटणार नाही."

"असं कसं? कंपनीने दिलाय."

"असू दे," म्हणत तिने मफलरची नीट घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.