ओकच्या खुर्चीतला पांढरा पट्टा

ती खुर्ची अजून डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्तीनंतर मुलीकडे कुवेतला, सबाह अल-सालेमला आलो, तेव्हाची ही केस. ना वर्दी, ना ठाणं, ना स्टेशन डायरी. पण तपास तो तपासच.

फिर्यादी मुलीचे शेजारी. मूळचे नाशिकचे, शुऐबाच्या खत कारखान्यात इंजिनिअर. त्यांना वेड इंग्लंडच्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स काळातल्या हातकामाच्या फर्निचरचं. शंभर वर्षं जुनी ओकची खुर्ची जिवापाड जपायचे. एसीचा झोत लागू द्यायचे नाहीत, मेणाशिवाय काही लावायचे नाहीत. मळ साचला म्हणून शुवैखच्या वर्कशॉपमध्ये दिली, तर परत येताना तिच्या काळपट हाताच्या कडेला बोटभर पांढरा पट्टा! अशा वर्कशॉपांत जुन्या वस्तूंचे भाग काढून विकतात, अशी खबर त्यांना कुणीतरी दिली होती. सुतारानेही जुनं लाकूड काढून नवं चिकटवलं, असा त्यांचा आरोप. दुसऱ्या दिवशी ते कफीलकडे, म्हणजे सुताराच्या मालकाकडे जाणार होते. मग त्याचा राहण्याचा परवाना, इकामा, रद्द आणि रवानगी थेट घरी.

मी एक दिवस मागून घेतला आणि सुताराला खुर्चीपाशीच बोलावलं. पन्नाशीचा, सावंतवाडीकडचा. आधी चहा पाजला, मग काम शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावलं. रचलेली गोष्ट उलटी सांगताना माणूस हमखास घसरतो. हा घसरला नाही. स्पिरिटने मळ पुसला, रंग सुटला, आतून पांढरं निघालं, एवढंच सांगत राहिला. पण इंजिनिअरसाहेब आवाज चढवून अरे-तुरेवर आले, तसं त्याचं अवसान गळालं.

"तुमी म्हणशात तसा लिवन दितंय, सायब. पण माका घराक धाडू नकात."

इंजिनिअरना वाटलं, केस सुटली. मी मात्र सावध झालो. ही कबुली भीतीची होती.

नोकरीत बोटांचे ठसे पुष्कळ पाहिलेत. भिंग आणि टॉर्च घेऊन खाली बसलो. चिकटवलं असेल तर सांधा दिसणारच. सांधा नव्हता. ओकमध्ये आडव्या चमकत्या रेषा असतात; त्या काळ्या भागातून निघून, न तुटता, पांढऱ्या पट्ट्यात शिरत होत्या. एकूण एक. लाकूड एकच होतं.

मी इंजिनिअरना भिंग दिलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले, मग खाली बसून त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवलं.

"अमोनियाची धुरी," ते पुटपुटले. "त्या काळी ओकला धुरी देऊन काळं करायचे. गाभा काळा होतो, सालीजवळचं लाकूड होत नाही. त्या कारागिराने तेवढीच कड हाताने रंगवली असणार, तोच रंग स्पिरिटने सुटला. मी रोज अमोनियातच काम करतो हो!"

म्हणजे हातचलाखी करणारा शंभर वर्षांपूर्वीचा होता, आणि इतक्या वर्षांत कुणालाही पत्ता लागू दिला नव्हता! असा मुरलेला हात मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. तेव्हापासून मी कबुलीपेक्षा वस्तूचं आधी ऐकतो.

सुताराने पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "काय हात म्हणायचो!" एवढंच बोलला.

इंजिनिअर उठले. ज्या खुर्चीला ते कुणाला टेकूही देत नसत, ती त्यांनी स्वतः सुतारापुढे ओढली आणि म्हणाले, "बसा."