आधी कडं, मग पाय

दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक जुळवायची, त्या कड्यातून समोरच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "घाई नको बाई. आधी कडं, मग पाय." बुऱ्हाणपूरच्या आमच्या कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम डब्यातला लाडू मागतानाही असंच बघायच्या.

मी शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र शिकवायचो. मध्ये पातळ भिंत. इकडे मी आम्ल-अल्क सांगतोय आणि तिकडे पाय आपटताहेत, कागद फाटतोय, पोरी खिदळताहेत. मी तणतणत गेलो की मॅडम म्हणायच्या, "बस सर, पेशी फुटली. झालंच."

तुम्हीही एकदा बघायला हवं होतं. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव विटांवर ठेवलेली, तिच्यावर वर्तमानपत्र ताणून चिकटवलेलं. हे आपल्या पेशीचं आवरण. भोवती सात पोरी, म्हणजे जिवाणूने सोडलेल्या विषाचे सात कण. एकटा कण आवरणावर नुसता येऊन टेकतो. त्याच्याच्याने भोक पडत नाही. तिथे कण एकमेकांना शोधतात, कडं करतात आणि ते पुरं झालं की सगळे मिळून एकेक पाय आत घालतात. त्या पायांची नळी होते, पाणी आत घुसतं, पेशी फुगून फुटते. एखादीने घाईने आधीच पाय घातला की ती डुलायची आणि मॅडमचं वाक्य भिंत ओलांडून माझ्यापर्यंत यायचं.

वर्गात डोईफोडिया गावची एक मुलगी होती. अभ्यास चोख, पण तोंडी परीक्षेत दातखीळ. एकदा त्यातच नापास झालेली. पुन्हा तसंच झालं तर घरचे कॉलेज सोडवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी पलीकडे अगदी शांतता, म्हणून मला राहवेना. डोकावलो. बाहेरून आलेले परीक्षक तिला विचारत होते, "बताओ बेटा, ये टॉक्सिन झिल्ली में छेद कैसे करता है?"

म्हणजे तेच, आवरणाला भोक कसं पडतं. चुकून खूण व्हायला नको म्हणून मॅडमनी हात पाठीमागे लपवले होते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मग त्या पोरीने न बोलता दोन्ही हात पसरले. मागे थांबलेल्या मैत्रिणी धावल्या. पण एक कमी! एकीने दारातल्या मलाच ओढलं, "या ना सर, एक कम पडतोय!"

मी गोंधळलो आणि घाईने आधी पायच टाकला.

"अरे सर, रुका ना! आधी कडं, मग पाय!" ती मुकी पोर माझ्यावर ओरडली. आणि मग थांबेचना. पाय आधी का नाही, नळी कशी होते, पाणी कुठून शिरतं, सगळं मराठी-हिंदीची खिचडी करत घडाघडा. परीक्षक हसत म्हणाले, "बस बेटा, पास हो गई." मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे इंदूरला निघाल्या, तेव्हा सगळे बसस्टँडवर आलो. त्यांचा गुडघा दुखरा, बसची पायरी उंच. त्यांनी घाईने पाय उचलला आणि पोरी एका सुरात ओरडल्या, "मॅडम, आधी कडं!" दोघींनी एकमेकींची मनगटं धरून बैठक केली, बाकीच्यांनी घेर धरला आणि मॅडम खुदुखुदु हसत अलगद वर चढल्या.

बस हलली तेव्हा खिडकीत बोटांचं कडं होतं आणि त्यातून एक डोळा आमच्याकडे बघत होता.

आता पलीकडे शांतता असते. मला ती मुळीच आवडत नाही.